पिल्लू खात का नाही?

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्या, अशी सूचना वर्गात आली तेव्हा बऱ्याच जणींनी कविता दिल्या. मला कविता जमत नाही. मी मराठीच्या सरांना भीत भीत विचारले, "सर, सापाचं पिल्लू खात नसेल तर काय करावं, यावर लिहिलं तर चालेल का?" सर हसले आणि म्हणाले, "चालेल. पण तुला ते का लिहावंसं वाटतं, तेही लिही." म्हणून आधी तेच सांगते.

मी सातवीत होते. श्रावणातल्या पावसाने आमच्या गोठ्यामागची मातीची भिंत ढासळली. दगड बाजूला करताना वडिलांना खाली पांढरी, चिवट सालीची अंडी दिसली. काही फुटलेली होती, आणि हातभर लांब, करंगळीएवढी जाड पिल्ले दगडांत पसार होत होती. वडील म्हणाले, "धामणीची हायेत. जाऊ द्या त्यास्नी." धामण विषारी नसते एवढे मला ठाऊक होते. सगळ्यांची नजर चुकवून मी एक पिल्लू काचेच्या बरणीत घातले आणि झाकणाला खिळ्याने भोके पाडली.

दोन दिवसांनी आजीच्या लक्षात आले. ती रागावली नाही. म्हणाली, "उपाशी मरंल की गं ते. दूद पाज. धामण गाईच्या पायाला इळखा घालून दूद पिती." आमच्या भागात ही समजूत घरोघरी आहे. मी वाटीत दूध ठेवले, पिल्लाने तोंड लावले नाही. मग कापसाची वात दुधात बुडवून त्याच्या तोंडाशी धरली. तरी नाही. शेवटी काडीने जबडा उघडून दुधाचे थेंब आत सोडले. रोज सकाळ-संध्याकाळ हा उद्योग चालला होता. आठव्या दिवशी पिल्लू मेले. आजी म्हणाली, "त्याच्या नशिबात नव्हतं." माझे मात्र मन मानेना. एवढे करूनही ते खात का नव्हते, हा प्रश्न डोक्यात राहिला.

कॉलेजसाठी तालुक्याच्या गावी आल्यावर एका सर्पमित्र दादांची ओळख झाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे प्रश्न कुणाला विचारावा हेच आधी कळत नसे. दादांना विचारले तेव्हा त्यांनी मला सापांच्या संगोपनावरची पुस्तके वाचायला दिली. ती अमेरिका-इंग्लंडमधली होती, कारण तिकडे साप पाळण्याचा छंद मोठा आहे आणि 'पिल्लू खात नाही' ही त्या छंदातली नेहमीची अडचण आहे. त्या वाचनातून आणि दादांच्या बोलण्यातून जे समजले ते येथे मांडते.

चेंडू होणारा अजगर

या छंदात फार लोकप्रिय असलेला साप म्हणजे बॉल पायथन. हा आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर. पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला युगांडापर्यंतच्या गवताळ आणि विरळ झाडीच्या प्रदेशात तो सापडतो. पूर्ण वाढ झाली तरी तो साधारण चार-पाच फुटांचाच होतो. भीती वाटली की तो अंगाचे घट्ट वेटोळे करून डोके मधोमध लपवतो आणि चेंडूसारखा दिसतो, म्हणून बॉल पायथन. इंग्लंडमध्ये त्यालाच रॉयल पायथन म्हणतात. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून त्याच्या पिल्लांची मोठी निर्यात होत आली आहे. रानातून गाभण माद्या किंवा अंडी आणायची, पिल्ले निघाली की ती पेट्यांतून दूरदेशी पाठवायची, असा तो व्यापार. आता परदेशी घरांतही त्यांची पैदास होते.

अंड्यातून आलेले पिल्लू साधारण दीड फुटाच्या आतबाहेर आणि सुमारे ५० ते ८० ग्रॅम वजनाचे असते. रानात त्याचा दिवस उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात जातो. अंधार, ऊब आणि चहूबाजूंनी अंगाला टेकणारी माती हे त्याचे घर. तेच पिल्लू एखाद्या हौशी माणसाच्या दिवाणखान्यात, चकचकीत काचेच्या पेटीत, दिव्याखाली येऊन पडते. समोर मेलेला थंडगार उंदीर असतो, आणि काचेपलीकडे कुटुंबातली सगळी मंडळी 'आता खाईल, मग खाईल' म्हणून डोळे लावून बसलेली असतात. पिल्लू चेंडू होऊन बसते. मालक घाबरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उंदीर, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पिल्लू आणखी घट्ट चेंडू होते.

मी हे वाचले तेव्हा मला माझी बरणी आठवली.

न खाण्याची कारणे

जाणती माणसे सांगतात की पिल्लू 'हट्टी' आहे असे म्हणणे सोडून द्यावे. खाण्यासाठी जे जमून यावे लागते त्यांतले काहीतरी कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पहिले कारण, भूकच नसणे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा काही अंश शिल्लक असतो आणि पहिले दिवस त्यावर निघतात. बॉल पायथनचे पिल्लू साधारण एक-दोन आठवड्यांत पहिली कात टाकते आणि त्यानंतरच बहुधा खायला तयार होते. पुढेही कात टाकायची वेळ आली की डोळे निळसर-दुधी होतात, नीट दिसत नाही, आणि त्या दिवसांत बहुतेक साप अन्नाला शिवत नाहीत.

दुसरे कारण, थंडी. सापाला स्वतःच्या शरीरात आपल्यासारखी ऊब निर्माण करता येत नाही. त्याचे पचन बाहेरच्या उबेवर चालते. अंग थंड असताना त्याने भक्ष्य गिळले तर ते पोटात पचण्याऐवजी कुजते आणि साप ते ओकून टाकतो. पचवण्याचे काम सापाला किती जड असते हे ब्रह्मदेशी अजगरावरच्या एका संशोधनात दिसून आले. ते २००५ साली प्रसिद्ध झाले. मोठे भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत त्या अजगरांच्या हृदयाचा स्नायू सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेला आढळला. दोन जेवणांच्या मध्ये अजगराची आतडी जणू झोपी जातात आणि दर जेवणाला सारा कारखाना नव्याने सुरू करावा लागतो. ऊब नसताना हा कारखाना सुरू करणे धोक्याचे. पिल्लू खात नाही, यात त्याचे शहाणपणच आहे.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत मोठे कारण, भीती. गिळत असताना साप अगदी असहाय असतो. तोंड भरलेले, पळता येत नाही, चावता येत नाही. म्हणून जिथे आपण सुरक्षित आहोत अशी खात्री नाही तिथे तो खाणार नाही. दीड फुटाच्या पिल्लासाठी तर जगातली प्रत्येक हालचाल म्हणजे घार, मुंगूस नाहीतर माणूस.

चौथे कारण, समोरची वस्तू अन्न आहे हेच न ओळखणे. साप जीभ बाहेर काढून वास गोळा करतो आणि टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे नेतो. अजगराच्या ओठांवर बारीक खाचाही असतात, त्यांतून त्याला भक्ष्याच्या अंगाची ऊब 'दिसते'. ज्याला वास ओळखीचा नाही आणि ज्यात ऊब नाही, तो उंदीर त्याच्या लेखी दगडासारखाच. अमेरिकेतल्या कॉर्न स्नेकची पिल्ले याचे चांगले उदाहरण आहेत. मोठा कॉर्न स्नेक उंदीर खातो, पण रानात त्याच्या पिल्लाचे खाणे म्हणजे लहान सरडे आणि बेडूक. त्याच्यापुढे उंदराचे गुलाबी पिल्लू ठेवले तर कित्येकदा ते ढुंकूनही पाहत नाही.

पाचवे कारण, आजार. तोंडात सूज, श्वास घेताना घरघर, अंगावर गोचिडीसारखे बारीक कीटक, पोटात जंत. रानातून आणलेल्या पिल्लांत हे अधिक आढळते. तिथे घरगुती उपाय नकोत, पशुवैद्यच हवा.

मग करायचे काय?

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या पायऱ्या सोडून शेवटच्या पायरीवर उडी मारणे हीच सर्वांची चूक होते. माझीही झाली.

प्रथम, घर लहान करायचे. पिल्लाला मोठी काचेची पेटी म्हणजे उघडे माळरान. हवेसाठी भोके असलेला, घट्ट झाकणाचा लहान प्लास्टिकचा डबा बरा. तळाशी वर्तमानपत्र, एका कोपऱ्यात पाण्याचे भांडे. डब्याच्या एका बाजूला खालून ऊब द्यायची, म्हणजे ती बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरी २५ ते २७ अंश राहील. पिल्लाला हवे तिकडे सरकता आले पाहिजे. उबेवर तापमान-नियंत्रक नसेल तर पिल्लू भाजू शकते. दोन्ही बाजूंना एकेक लपण ठेवायचे. पालथ्या घातलेल्या लहान कुंडीला दार पाडले तरी चालते. मात्र ते इतके अरुंद हवे की आत शिरल्यावर पिल्लाचे अंग भिंतींना टेकेल. मोकळे, हवेशीर लपण आपल्याला बरे वाटते, त्याला नव्हे.

दुसरे, काही करायचे नाही. ही पायरी सर्वांत कठीण! पाच-सात दिवस डबा उघडायचा तो फक्त पाणी बदलायला आणि घाण काढायला. हातात घ्यायचे नाही, पाहुण्यांना दाखवायचे नाही, डब्यावर टकटक करायची नाही.

तिसरे, योग्य वेळी योग्य घास. हे अजगर रात्री हिंडतात, म्हणून दिवे मंद करून संध्याकाळनंतर. पिल्लाच्या अंगाचा जो सर्वांत जाड भाग, तेवढ्या जाडीचा घास पुरतो. त्यासाठी बहुधा नुकती लव फुटलेले उंदराचे पिल्लू देतात. ते मेलेले असावे. जिवंत मोठा उंदीर डब्यात सोडला तर तोच सापाला कुरतडून जखमी करतो. परदेशात गोठवलेले उंदीर विकत मिळतात. ते पूर्ण वितळवून, पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवतात, म्हणजे अंग जिवंत उंदरासारखे उबदार होते. लांब चिमट्याने तो घास लपणाच्या दाराशी धरायचा आणि हलकेच हलवायचा. तोंडावर आपटायचा नाही. पिल्लाने झेप घेतली तर श्वास रोखून स्तब्ध उभे राहायचे. नाही घेतली तर घास दाराशी ठेवून, झाकण लावून निघून जायचे. पुष्कळ पिल्ले एकांतात, रात्रीच खातात. सकाळी घास तसाच असेल तर काढून टाकायचा आणि पुन्हा पाच-सात दिवस थांबायचे. रोज प्रयत्न केला की घास आणि भीती यांची पिल्लाच्या मनात सांगड बसते.

चौथे, वासाची युक्ती. उंदराचे पिल्लू साबण न राहील असे धुऊन पुसायचे आणि त्यावर ओळखीच्या भक्ष्याचा वास चढवायचा. कॉर्न स्नेकच्या पिल्लासाठी सरड्याची कात त्यावर चोळतात. पुढच्या खेपांना वास थोडा थोडा कमी करत न्यायचा, म्हणजे पिल्लू उंदरालाही अन्न म्हणून ओळखू लागते. कधी मेलेल्या उंदराच्या कवटीला बारीक चीर देतात. वाचून अंगावर काटा येईल, पण त्या वासाने पुष्कळ पिल्ले खातात असा अनुभव आहे. कधी पिल्लाला आणि घासाला एका लहान अंधाऱ्या डब्यात रात्रभर ठेवतात.

या सगळ्या काळात एक वही हवी. तारीख, वजन, कात कधी टाकली, काय दिले, खाल्ले की नाही. वजन जवळजवळ तेवढेच असेल तर काळजीचे कारण नाही. मोठा बॉल पायथन तर महिनोन्‌महिने उपाशी राहून ठणठणीत असतो. पिल्लाजवळ एवढा साठा नसतो. त्याचे वजन दहा टक्क्यांनी उतरले किंवा पाठीचा कणा वर दिसू लागला की थांबणे पुरे, पशुवैद्याकडे जायचे.

आणि शेवटची पायरी, हाताने भरवणे. यात पिल्लाला हळुवार धरून लहानशा घासाचे नाक त्याच्या तोंडात सरकवतात, मागे वळलेल्या दातांत घास अडकला की पिल्लाला खाली ठेवून निश्चल राहतात, आणि गिळण्याचे काम त्याच्यावर सोडतात. नळीने पोटात अन्न घालणे तर पशुवैद्याचेच काम. यांत अन्ननलिकेला इजा होण्याचे भय असते, शिवाय आधीच भ्यालेले पिल्लू आणखी भिते.

दूध का नाही?

आता माझ्या बरणीकडे येते. सापांना दूध हे अन्न म्हणून ठाऊकच नाही. दूध पाजणारे प्राणी आपण, म्हणजे सस्तन. साप पिल्लांना दूध पाजत नाहीत आणि त्यांना ते पचतही नाही. नागपंचमीला वाटीतले दूध पिणारा नाग दिसे तो गारुड्याने दिवसेंदिवस तहानेला ठेवलेला असे. तहानेलेला जीव काहीही पितो.

माझ्या पिल्लाचे त्याहून वाईट झाले असावे. सापाच्या श्वासनलिकेचे तोंड त्याच्या खालच्या जबड्यात, अगदी पुढच्या बाजूला असते. मोठे भक्ष्य गिळत असतानाही श्वास घेता यावा म्हणून ही सोय आहे. जबडा काडीने उघडून वरून थेंब सोडले तर ते सरळ त्या तोंडात जाऊ शकतात. बहुतेक सापांचे उजवे फुफ्फुसच काय ते कामाचे असते. म्हणजे मी त्याला भरवत नव्हते, थेंबाथेंबाने बुडवत होते. शिवाय त्या आठ दिवसांत त्याने कात टाकली नव्हती, हे मला पक्के आठवते. म्हणजे बहुधा त्याला अजून भूकही लागली नव्हती. आणि लागली असती तर त्याला हवी होती इवलीशी बेडकी, जी भिंतीपलीकडच्या डबक्यात शेकड्यांनी होती. बरणीचे झाकण उघडले असते तर ते स्वतःच जेवायला गेले असते!

दादांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सगळे असेच शिकतात. पुढच्या पिल्लाला त्याचा उपयोग झाला पाहिजे."

आपल्या गावी

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वरचे उपाय वाचून कुणी आपल्याकडचा साप घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातले साप पकडणे, पाळणे आणि विकणे गुन्हा आहे. ज्या परदेशी प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे त्यांत बॉल पायथनही येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी जवळ असल्यास त्याची शासनाकडे नोंद करावी लागते. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या पिल्लांना आपली गरज नाही. धामणीची मादी अंडी घालते तिथेच पाऊस, बेडूक आणि बिळे यांची व्यवस्था असते. पिल्लू दिसले तर लांबूनच त्याला वाट द्यावी. विषारी जातींची पिल्लेही जन्मतःच विषारी असतात, म्हणून हात लावू नये. घरात शिरले असेल तर वनखात्याला किंवा सर्पमित्राला बोलवावे. अंडी सापडली तर उलटीपालटी करू नयेत, कारण त्याने आतला गर्भ मरू शकतो.

शेवटी थोडे माझ्याविषयी. गेल्या वर्षी वसतिगृहात आले तेव्हा पहिले दोन आठवडे मला मेसचे जेवण जात नव्हते. लांब टेबले, भांड्यांचा आवाज, इंग्रजीत बोलणाऱ्या मुली. मैत्रिणी प्रेमानेच म्हणायच्या, "अगं खा ना, लाजतेस काय?" आणि घास आणखीच अडकायचा. मेसच्या मावशींनी काही विचारले नाही. एके दिवशी त्या म्हणाल्या, "तू शेवटाला येत जा. गर्दी नसते." दुसऱ्या दिवशी ताटात पोळीऐवजी बाजरीची भाकरी होती. मावशी पाठ करून भांडी घासत बसल्या, आणि मी पोटभर जेवले.

सापांच्या पुस्तकातली सगळी पाने त्या मावशींना न वाचताच ठाऊक होती. मला ती कळायला एक पिल्लू गमवावे लागले.

यंदा श्रावणात घरी गेले तेव्हा गोठ्यामागे पुन्हा पिल्ले निघाली. धाकट्या भावाने बरणी आणली होती. मी त्याला ओट्यावर बसवले आणि म्हटले, "इथनंच बघ. हलू नको." पिल्लू दगडाआडून निघाले, जीभ लवलवत थांबले आणि डबक्याच्या दिशेने गेले. आजी दारात उभी होती. म्हणाली, "उपाशी जातंय गं." मी म्हटले, "नाही आजी. जेवायला चाललंय."